आधी शेगडी बघा, मग भांडी: जर्मनीत नव्याने संसार मांडताना

जर्मनीत भाड्याचं घर हातात आलं की पहिला धक्का बसतो तो स्वयंपाकघरात. अनेक घरांत ओटा नाही, सिंक नाही, शेगडीही नाही. भिंतीतून डोकावणारे नळ आणि शेगडीच्या जोडणीसाठी एक जाडजूड वायरची पेटी, एवढंच. घराच्या जाहिरातीत 'ए-बे-का' (EBK) ही तीन अक्षरं असतील तर बसवलेलं स्वयंपाकघर घरमालकाचं आहे आणि ते भाड्यात आलं. ती नसतील तर आधीचा भाडेकरू आपलं स्वयंपाकघर तुम्हाला विकू पाहील. त्या रकमेला 'आप्लोझे' म्हणतात.

नव्या माणसासाठी हा सौदा बहुतेक वेळा फायद्याचा असतो, कारण कपाटं भिंतीच्या मापाने कापलेली असतात आणि पाण्याची जोडणीही तयार असते. पण मागितलेली रक्कम मुकाट्याने देऊ नका. प्रत्येक वस्तूची यादी, तिचं वय आणि मूळ पावती मागा. वस्तूंच्या खऱ्या किमतीपेक्षा ५० टक्क्यांहून जास्त मागितलेला भाग इथली न्यायालयं मान्य करत नाहीत. यादीवर दोघांच्या सह्या घ्या. नाहीतर किल्ल्या हाती येतात त्या दिवशी फ्रिज गायब झालेला असतो.

शेगडी ओळखा

भांडी घ्यायच्या आधी शेगडी कोणती ते पक्कं करा. गॅस बहुतेक घरांत नसतो. काळी गुळगुळीत काच असेल तर दोन शक्यता. बटण फिरवल्यावर काचेखाली लाल उजेड दिसला तर ती साधी काचेची शेगडी. तिला इथे सगळे 'सेरान' म्हणतात (हे खरं तर मेंझच्या शॉट कंपनीचं १९७१पासूनचं व्यापारी नाव). लाल उजेड नाही, आणि भांडं ठेवल्याशिवाय ती तापतच नाही, तर ते इंडक्शन. जुन्या घरात बिडाच्या गोल तबकड्यांची शेगडीही सापडते. ती तापायला वेळ घेते आणि बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहते. तिच्यावर वरण उतू जातं ते याच कारणाने: आपण आच कमी करतो, पण तबकडी ऐकत नाही.

सेरानवर कोणतंही सपाट बुडाचं भांडं चालतं, ॲल्युमिनियमसुद्धा. इंडक्शनवर फक्त लोहचुंबक चिकटेल तेच. म्हणून फ्रिजवर लावायचा एक छोटा चुंबक खिशात ठेवा. तो बुडाला घट्ट चिकटला तर भांडं चालेल. लगेच घसरून पडला तर ठेवून द्या, विकणारा काहीही म्हणो. बुडावर वेटोळ्याच्या तारेची खूण असेल तर भांडं इंडक्शनसाठीच बनवलंय.

घरून आणलेल्या भांड्यांची पंचाईत इथेच होते. ॲल्युमिनियमचा साधा कुकर इंडक्शनवर मुळीच तापत नाही. गोल बुडाची कढई दोन्ही शेगड्यांवर निरुपयोगी, कारण काचेला ती जेमतेम एका ठिपक्याएवढी टेकते. तांब्याच्या बुडाची जुनी सुंदर पातेली बाजारात दिसतील. ती इंडक्शनवर चालत नाहीत, आणि आतली कल्हई गेली असेल तर ती करून देणारा इथे गल्लीत हाक देत येत नाही.

मापही बघा. शेगडीची वर्तुळं साधारण १४.५, १८ आणि २१ सेंटिमीटरची असतात. बूड त्याहून फार मोठं असेल तर मध्ये करपतं आणि कडेला कच्चं राहतं. अगदी लहान बूड, म्हणजे १२ सेंटिमीटरच्या आतलं, बऱ्याच इंडक्शन शेगड्या ओळखतच नाहीत. फोडणीचं कढलं म्हणूनच तिथे चालत नाही.

कुठे शोधायचं

इथे चांगली भांडी स्वस्तात मिळतात, कारण पिढ्यान्‌पिढ्या वापरलेलं घर एका दिवसात मोकळं करायची वेळ लोकांवर येते. आजी-आजोबा वृद्धाश्रमात जातात किंवा वारतात, आणि मुलांना तीस पातेली नको असतात. याला 'हाउसहाल्ट्स-आउफल्योझुंग' म्हणतात. जाहिरातीत हा शब्द दिसला तर थांबा: जड बुडाची स्टीलची भांडी, काचेच्या बरण्या आणि झोलिंगनच्या सुऱ्या यातूनच निघतात.

रोजचा शोध 'क्लाइनआनत्साइगन' या जुन्या वस्तूंच्या जाहिरातींच्या संकेतस्थळावर. २०२३पर्यंत त्याच्या नावात ईबे होतं, त्यामुळे जुने लोक अजून तेच म्हणतात. आपला पिनकोड टाका आणि अंतर ५ ते १० किलोमीटर ठेवा; त्याहून लांबचं पातेलं प्रवासखर्चात महाग पडतं. किमतीपुढे 'फाउ-हा-बे' (VHB) लिहिलं असेल तर घासाघीस चालते. 'फेस्टप्राइस' म्हणजे एकच भाव. 'त्सू फेरशेंकन' म्हणजे फुकट. 'नूर आपहोलुंग' म्हणजे स्वतः येऊन न्या. 'डेफेक्ट' शब्द दिसला तर पुढे वाचूही नका.

शहरांच्या सफाई खात्यांचीही जुन्या वस्तूंची दुकानं आहेत: बर्लिनमध्ये राइनिकेनडॉर्फला 'नॉखमॉल' (२०२०पासून), हॅम्बुर्गमध्ये 'श्टिलब्रुख', म्युनिकमध्ये पाझिंगला 'हाले त्स्वाय'. माल निवडलेला असतो आणि भाव लिहिलेला, त्यामुळे जर्मन न येणाऱ्यांनी इथून सुरुवात करावी. लहान गावांत 'सोत्सियालकाउफहाउस' शोधा, म्हणजे गरजूंसाठी चालवलेलं जुन्या वस्तूंचं दुकान. बहुतेक ठिकाणी कुणीही खरेदी करू शकतं.

'फ्लोमार्क्ट' म्हणजे जुना बाजार. दुकानं रविवारी बंद असतात, पण हा बाजार बऱ्याच ठिकाणी रविवारीच भरतो. बर्लिनचा माउअरपार्क प्रसिद्ध आहे, पण तिथे पर्यटक जास्त, म्हणून भावही चढे. भांड्यांसाठी आपल्या मोहल्ल्यातला साधा बाजार बरा. फ्रँकफर्टला शनिवारी माइन नदीकाठी भरतो. चांगला माल हवा असेल तर सकाळी आठच्या आत पोचा. स्वस्त हवा असेल तर शेवटच्या तासाला, विकणारा टेबल आवरत असताना जा. दोन्ही एकदम मिळत नाही. सुट्टी नाणी आणि ५-१० युरोच्या नोटा सोबत ठेवा. पाच युरोच्या पातेल्यासाठी पन्नासची नोट काढली की घासाघीस संपली.

आपल्या माणसांच्या व्हॉट्सॲप गटांचं महत्त्व वेगळं आहे. पोळपाट, भारतीय मिक्सर, इडलीपात्र या जुन्या वस्तू सहसा तिथेच मिळतात. घर सोडायची मुदत बहुधा तीन महिन्यांची आणि महिनाअखेरची असते, म्हणून महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गटावर झुंबड उडते. विद्यार्थी मार्चअखेर आणि सप्टेंबरअखेर जास्त हलतात.

रस्त्यावर काढलेल्या मोठ्या कचऱ्याला 'श्पेरम्यूल' म्हणतात. काही गावांत त्याचे दिवस ठरलेले असतात, काही ठिकाणी फोन करून गाडी बोलवावी लागते. त्यातून वस्तू उचलायला पुष्कळ नगरपालिकांचे नियम मनाई करतात, तेव्हा घराची बेल वाजवून मालकाला विचारलेलं बरं. लाकडी स्टूल किंवा लोखंडी मांडणी घ्यायला हरकत नाही. गादी, सोफा, कापडी खुर्ची रस्त्यावरून कधीच नको. ढेकूण एकदा घरात शिरले की औषधफवारणीचा खर्च नव्या सोफ्याहून जास्त होतो.

निरोप कसा लिहावा

विकणाऱ्याला दिवसाला चाळीस निरोप येतात. 'शेवटची किंमत काय?' असा एका ओळीचा निरोप इथे चेष्टेचा विषय झाला आहे. त्याला उत्तर येत नाही. अभिवादन, वस्तूचं नाव, आपण कधी येऊ शकतो आणि शेवटी आपलं नाव, एवढं चार ओळींत लिहा. भाव कमी हवा असेल तर आकडा स्वतः सांगा आणि त्याच वाक्यात 'आज संध्याकाळी सहाला रोख देऊन नेतो' असं म्हणा. ४० युरोच्या वस्तूला ३२ म्हणणं रीतसर. १५ म्हणणं अपमान समजला जातो. ठरलेल्या वेळेला पोचा. दहा मिनिटं उशीर होणार असेल तर कळवा.

पैसे वस्तू बघून, हातोहात, रोख द्या. 'पैसे सुरक्षित मिळण्यासाठी या दुव्यावर कार्डाचा तपशील भरा' असा निरोप बाहेरच्या व्हॉट्सॲपवर आला तर ती फसवणूक आहे, मग तुम्ही विकणारे असा की घेणारे. पेपालच्या 'मित्र आणि कुटुंब' पर्यायाने अनोळखी माणसाला पैसे पाठवले तर ते परत मिळवायची सोय नसते.

भांडं हातात घेतल्यावर

ओळखीची नावं: डब्ल्यूएमएफ (१८५३ची, गाइस्लिंगनची), फिसलर (१८४५ची, इडार-ओबरश्टाइनची), सिलिट, झ्विलिंग. बुडावर '१८/१०' किंवा डब्ल्यूएमएफचा 'क्रोमार्गान' हा शब्द असेल तर दोन्हींचा अर्थ तोच, उत्तम स्टील. नाव नसलेलं पण हाताला जड आणि जाड बुडाचं पातेलंही बिनदिक्कत घ्या. एका पातेल्याला ५ ते १५ युरो रास्त.

बूड वर करून त्यावर पट्टी किंवा बँकेचं कार्ड उभं धरा. मध्ये केसभर खोलगट असेल तर चांगलं, तापल्यावर ते सपाट होतं. मध्ये फुगीर असेल तर भांडं काचेवर गरगर फिरतं आणि उष्णता घेत नाही, ते नको. झाकण बसवून फिरवा. कानांचे रिव्हेट हलतात का ते दाबून बघा.

आतले पांढरे डाग बघून घाबरू नका. इथलं पाणी पुष्कळ शहरांत जड आहे आणि तो चुना आहे. अर्धा लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा सायट्रिक ॲसिड (दुकानात 'त्सिट्रोनेनझॉयरे') घालून अर्धा तास ठेवलं की निघतो. पाणी उकळू नका, उलट नवा थर बसतो. निळसर-इंद्रधनुषी झाकही निरुपद्रवी. हे डाग दाखवून भाव मात्र जरूर पाडा. बारीक टोचल्यासारखे खड्डे थंड पाण्यात मीठ टाकल्याने पडतात. ते जात नाहीत, पण भांडं चालतं.

जुनं नॉनस्टिक फुकट मिळालं तरी घेऊ नका. लेप किती तापला, किती खरवडला हे कळायला मार्ग नाही. एनॅमलचं पातेलं इंडक्शनवर छान चालतं, पण आतला टवका उडालेला असेल तर सोडा.

कुकर

जर्मन कुकरला शिट्टी नाही, आणि नव्या माणसाचा सगळा गोंधळ इथे होतो. डब्ल्यूएमएफच्या कुकरवर दांडीसारखा दर्शक वर येतो आणि त्यावर कडी दिसतात. पहिलं कडं म्हणजे आत सुमारे ११० अंश, दुसरं म्हणजे सुमारे ११९. दुसरं कडं दिसलं की आच कमी करा आणि तिथून घड्याळ लावा. भिजवलेल्या तुरीच्या डाळीला ८ ते १० मिनिटं, रात्रभर भिजलेल्या हरभऱ्याला २० ते २५. भाताला पहिल्याच कड्यावर ६-७ मिनिटं पुरतात. सेरानवर आच लगेच उतरत नाही, म्हणून कडं वर यायच्या आधीच बटण मागे घ्या.

साडेचार लिटरचा २२ सेंटिमीटर व्यासाचा कुकर सगळ्यात जास्त विकायला येतो. त्याची आतली उंची जेमतेम १२ सेंटिमीटर, तेव्हा वरण-भाताचे दोन डबे एकावर एक बसत नाहीत. डबे लावायचे असतील तर साडेसहा लिटरचा शोधा. त्याची उंची १७ सेंटिमीटर भरते. घरून निघतानाच डबे मोजून ठेवा.

जुना कुकर घेताना झाकणाची रबरी रिंग चिमटीत दाबा. कडक किंवा चिरलेली असेल तर बदलावी लागेल, पण त्यासाठी कुकर नाकारायचं कारण नाही. डब्ल्यूएमएफ आणि फिसलरच्या रिंगा सहज मिळतात, आणि दर ४०० वापरांनंतर किंवा दोन वर्षांनी त्या बदलाव्यात असं कंपन्यांचंच म्हणणं आहे. पातेल्याच्या काठाला पोचा असेल तर मात्र नको: रिंग कितीही नवी घातली तरी वाफ तिथूनच निसटते. दांडा मोकळा होतो का, दर्शक बोटाने सरकतो का, मॉडेलचं नाव कुठे कोरलंय, हे बघून घ्या. नाव नसलेल्या कुकरचे सुटे भाग मिळत नाहीत. २० ते ४० युरोत चांगला मिळतो.

घरी आल्यावर पहिल्यांदा पाव लिटर पाणी घालून रिकामाच लावा. दर्शक वर आला, काठातून फुसफुस नाही आणि थंड झाल्यावर दर्शक खाली बसला, म्हणजे कुकर पास. डाळ कधी अर्ध्याच्या वर भरू नका. फेस झडपेत गेला की दाब अडकतो.

तवा, आणि आपल्या वस्तूंना पर्याय

पोळी-भाकरीसाठी कमी काठाचं लोखंडी पॅन शोधा, २४ ते २८ सेंटिमीटरचं. टुर्क कंपनीची घडीव लोखंडाची पॅन अशा कामाला झकास. गंजलेली असतील तर आणखी स्वस्त. गंज तारेच्या घासणीने काढा, धुऊन लगेच विस्तवावर कोरडं करा. मग तेलात बटाट्याच्या साली किंवा काप आणि चमचाभर मीठ घालून काळपट होईपर्यंत परता. साली टाका, पुसा, तेलाचं बोट फिरवा. इंडक्शनवर पातळ तवा एकदम मोठ्या आचेवर ठेवला तर मध्येच फुगतो आणि कायमचा डुगडुगतो. पहिली तीन मिनिटं ३-४ आकड्यावर द्या. काचेवर लोखंडी तवा घासून सरकवू नका, उचलून ठेवा. फुलके साध्या सेरानवर जाळी ठेवून फुलतात, इंडक्शनवर नाहीत.

घरून आणायच्या वस्तू थोड्याच आहेत: लाटणं (इथलं मुठीवालं जाड लाटणं पोळीला बोजड पडतं), पोळपाट, फोडणीची पळी (इंडक्शन नसेल तर), मिसळणाचा डबा. मिक्सर आणला तर चालतो, कारण इथेही २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्‌झ वीज आहे. फक्त तीन पिनांना अर्थिंगसह जुळणारा अडॅप्टर लागतो. दोन पिनांचा स्वस्त अडॅप्टर घेतला तर अर्थिंग तुटतं.

बाकीचं इथेच मिळतं, वेगळ्या नावाने. पुरणयंत्र हवं असेल तर जुन्या बाजारात 'फ्लोट्टे लोट्टे' मागा: हँडल फिरवून सफरचंद गाळायचं जाळीचं भांडं, त्यातून पुरण लोण्यासारखं येतं. 'श्पेट्स्लं' या जर्मन शेवयांचं दाबयंत्र जाड शेवेला उपयोगी. बिस्किटांच्या दाबयंत्रात चांदणीची चकती असते, तिच्यातून चकली निघते. पण यंत्र धातूचंच घ्या, भाजणीच्या घट्ट पिठाने प्लास्टिकचं दांडीपाशी मोडतं. ग्रॅनाइटचा 'म्योर्झर' म्हणजे खलबत्ता. आणि पाच युरोंची जुनी विजेची कॉफीची चक्की धणे-जिऱ्याला अगदी नेमकी. कॉफीचा वास मात्र तांदूळ दोनदा दळल्याशिवाय जात नाही.

फ्रिज आणि धुलाई यंत्र

फ्रिज बघायला जाण्याआधी 'चालू ठेवा' असं सांगा, म्हणजे गारवा हाताने तपासता येतो. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावा. पट्टी सहज निघाली तर रबर गेलं. फार जुना फ्रिज फुकट मिळाला तरी हिशेब करा. तो नव्यापेक्षा वर्षाला १५० युनिट जास्त खात असेल, तर ३५ सेंट दराने ५२ युरो दरवर्षी जातात. लेबल वाचताना लक्षात ठेवा: २०२१च्या मार्चपासून प्रत ए ते जी अशी बदलली. त्यामुळे जुना 'ए दोन प्लस' आणि नवा 'ई' यांची तुलना अक्षरांवरून होत नाही. वर्षाचे युनिट बघा. फ्रिज उभाच आणा. आडवा आणावाच लागला तर घरी उभा करून दिवसभर थांबा आणि मगच लावा.

धुलाई यंत्र विकणाऱ्याच्या घरी, वेगाने पिळायच्या चक्रावर चालवून बघा. मग बंद करून दार उघडा आणि आतला ड्रम वर-खाली हलवा. खडखड लागली तर बेअरिंग गेलंय, आणि त्याच्या दुरुस्तीत दुसरं जुनं यंत्र येतं. दाराच्या रबराच्या घडीत बोट फिरवा. काळी बुरशी घासून निघते, फाटलेलं रबर मात्र सांधत नाही.

नेताना यंत्राच्या मागचे लांब वाहतुकीचे बोल्ट मागून घ्या. ते लावल्याशिवाय मोटारीत टाकलं तर ड्रम आत आदळतो. बोल्ट हरवले असतील तर यंत्र उभंच न्या आणि ड्रमभोवती जुने टॉवेल कोंबा. खालच्या गाळणीचं झाकण उघडून उरलेलं पाणी आधी काढा, दोन लिटर तरी निघतं. यंत्राचं वजन ६०-७० किलो असतं, कारण आत काँक्रीटचा ठोकळा आहे. दोन माणसं, एक 'झाककारे' म्हणजे उभी हातगाडी, आणि लिफ्ट नसेल तर खांद्याला लावायचे पट्टे लागतात. भाड्याची व्हॅन घेणार असाल तर इथे राहायला आल्यापासून ६ महिनेच भारतीय परवाना चालतो, हे धरून बेत करा.

शेगडी मात्र स्वतः जोडू नका. तिची जोडणी ४०० व्होल्टची असते, ते काम इलेक्ट्रिशियनचं. विम्यालाही तेच हवं असतं. धुलाई यंत्र घरी बसल्यावर बोल्ट काढा, पिशवीत घालून यंत्राच्या मागेच चिकटवा. मग कपडे न घालता ६० अंशांवर एक फेरी होऊ द्या आणि तेवढा वेळ नळाच्या जोडणीखाली वाटी ठेवा.